कोयत्याला सांगितलं होतं

रामहरी मुकादम माणसं मोजायचा ती कोयत्यावर. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. उसाच्या फडात तो तोडणार, ती मोळ्या बांधून डोक्यावरून वाहणार, आणि दोघं मिळून मुकादमाच्या वहीत एक कोयता. त्यामुळे भिंगारच्या पलीकडच्या लष्कराच्या माळावर परदेशी फौजी अफसरांचं शिबिर भरणार आहे, सरावात गावकऱ्यांचं सोंग घ्यायला पंचवीस माणसं हवीत, त्यात निम्म्या बायका पाहिजेतच, असा निरोप आला तेव्हा रामहरी छातीवर हात ठेवून म्हणाला, "साडेबारा कोयते आनतो, साहेब."

त्यातला अर्धा कोयता म्हणजे बायडाबाई. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, तेव्हापासून ती मुलगा अंगद आणि सून सुरेखा यांच्या कोयत्याला जोडून धरलेली. पाथर्डीकडच्या कोरडवाहू गावातली बाई, पन्नाशीची, अंगानं काटक आणि जिभेनं त्याहून काटक.

उसाचा हंगाम संपून कारखाने बंद झाले होते, हाताला काम नव्हतं, सगळे हौसेनं आले. एका दुपारीत त्यांनी माळावर बांबूच्या पंधरा कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या केल्या, नेहमी फडाच्या कडेला करतात तशाच. परदेशी पाहुण्यांनी हात लावून लावून त्या पाहिल्या. लढाईत उद्ध्वस्त झालेल्या लोकांची वस्ती इतकी हुबेहूब कुणी उभारलेली त्यांनी पाहिली नव्हती म्हणे. बायडाबाईनं हे ऐकलं आणि चुलीचे दगड मांडायला घेतले. वर्षातले सहा महिने आपण असल्याच घरात काढतो, हे पाहुण्यांना सांगून त्यांचा विरस कशाला करायचा?

शिबिराचा विषय मोठा होता. लढाईच्या मुलखात शांती राखायला गेलेल्या फौजांनी बायकांचं ऐकायला शिकायचं. बाईच्या पायाला जी वाट ठाऊक असते ती गावच्या पुढाऱ्याला नसते, हे सगळ्या जगानं आता मान्य केलंय, असं कॅप्टन राजनंदिनीनं समजावून सांगितलं. राजनंदिनी पारनेरची, त्यामुळे दुभाष्याचं कामही तिच्याच गळ्यात पडलेलं. वस्तीभोवती एक पांढरी दोरी बांधली होती. दोरीच्या आत जे बोललं जाईल ते सरावातलं, असा नियम. बायडाबाईला चार नंबरची बाई केलं होतं. कुणी बाजूला घेऊन विचारलंच, तर "विहिरीच्या वाटेवर सुरुंग पेरलेत" एवढं एकच वाक्य तिनं सांगायचं.

दोन दिवस कुणी विचारलंच नाही. अफसरांच्या तुकड्या यायच्या, थेट गावप्रमुख झालेल्या रामहरीकडे जायच्या, बाजेवर बसून चहा घ्यायच्या आणि निघायच्या. रामहरी मिशीवर हात फिरवत सांगायचा, "गावात समदं ठीक हाय." त्याला सुरुंगाचं काही ठाऊकच नव्हतं. त्या दोन दिवसांत कागदावर तीन तुकड्या विहिरीच्या वाटेवर मेल्या.

वस्तीत बायकांसाठी एक संडासही होता, पत्र्याचा, नवा कोरा, वर चार भाषांत पाटी. बायकांना लांब जावं लागलं तर काय काय धोके असतात, हा शिबिरातला एक धडाच होता. धड्यापुरता तो उघडायचे, फोटो निघायचे आणि पुन्हा कुलूप लागायचं. घाण झाला तर पुढच्या तुकडीला काय दाखवणार? बायका आपल्या पहाटे ओढ्यात जायच्या.

तिसऱ्या दिवशी पहाटे बायडाबाईला ओढ्यात ते दिसलं. वाळूतून निम्मं वर आलेलं, गंजलेलं, मागे पंख असलेलं लोखंड. सुरेखा त्यापासून चार पावलांवर होती. बायडाबाईनं तिचं मनगट धरून ओढतच तिला वर आणलं. सुरेखाला पाचवा महिना लागला होता. सगळ्या बायकांना तिनं बजावलं खरं, पण आडोशाची दुसरी जागाच त्या माळावर नव्हती. उद्या पहाटे अंधारात कुणाचा पाय कुठे पडेल, याचा नेम नव्हता.

तिनं आधी रामहरीला गाठलं.

"पडलंय तर पडू दे," तो म्हणाला. "त्यांचंच लोखंड, त्यांचीच जमीन. बोभाटा केलास तर उद्या शिबिर गुंडाळत्याल आन् समद्यांना घरी बसवत्याल."

दहाच्या सुमारास एक तुकडी आली आणि नवल घडलं. तिच्यातली एक परदेशी मेजरबाई रामहरीचा चहा टाळून सरळ चार नंबरकडे आली. राजनंदिनी सोबत होती.

"मावशी, या विचारतायत, तुम्हाला इथं कशाची भीती वाटते?"

"हिरीचं ऱ्हाऊ द्या," बायडाबाई म्हणाली. "तिकडं वढ्यात बाँब पडलाय. आमी बाया रोज पहाटं तिथंच जातो. माझी सून दोन जिवाची हाय. खरं सांगते, लेकी, आईची आन."

बोलता बोलता तिचे डोळे भरून आले. राजनंदिनीनं शब्दन्‌शब्द सांगितला, मेजरबाईनं उतरवून घेतला. बाई बोलली, बाईनं ऐकलं, सगळं पुस्तकात असतं तसं झालं. परीक्षक कर्नलसाहेबांनी सरावाचे ठरलेले कागद चाळले. ओढ्याचं कुठेच काही नव्हतं. चार नंबरनं मनानं भर घातली, पण काय घातली, असं म्हणून ते खूश झाले. मेजरबाईच्या तुकडीला पैकीच्या पैकी गुण मिळाले. ओढ्याकडे मात्र कुणी फिरकलं नाही. दोरीच्या आतलं बोलणं होतं ते.

दुपारी शामियान्यात पहिल्या फेरीचा समारोप झाला. उत्कृष्ट अभिनयाबद्दल शाल आणि नारळ, श्रीमती बायडाबाई. टाळ्या वाजल्या. बायडाबाईनं शाल घेतली नाही. तिनं राजनंदिनीचा हात धरला.

"आता मी दोरीच्या भाईर हाय का न्हाई?"

"आहात की, मावशी."

"मग आता तरी ऐक. मी नाटक करत न्हवते."

राजनंदिनी तिच्याबरोबर ओढ्यापर्यंत चालत गेली आणि काठावरूनच मागे फिरली. येताना ती पळत होती.

त्यानंतर धांदल उडाली. वस्ती रिकामी केली, बाँब निकामी करणारे जवान आले, आणि दिवस मावळायच्या आत ओढ्यात असा दणका झाला की दोन कोप्या बसल्या. सुरेखा सासूला चिकटून उभी होती. बायडाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

कर्नलसाहेब चौकशीला आले. माणूस वाईट नव्हता, चेहरा उतरला होता. सरावात खरंच काही संकट आलं तर लाल निशाण फडकवायचं, म्हणजे सराव तिथल्या तिथे थांबतो, हा नियम पहिल्याच दिवशी सर्वांना सांगितला होता. मग या बाईनं निशाण का नाही फडकवलं?

"कसलं निशान?" बायडाबाईनं विचारलं.

सगळे रामहरीकडे बघायला लागले. निशाण पहिल्या दिवशी त्याच्याच हातात दिलं होतं. ते आता त्याच्या टेम्पोच्या मागे, बाहेर आलेल्या बांबूंच्या टोकाला बांधलेलं होतं.

"मी समद्या कोयत्यांना सांगितलं हुतं, साहेब," रामहरी म्हणाला. "इचारा अंगदला."

"सांगितलं हुतं," अंगद खाली बघत म्हणाला. "मला वाटलं, आईला ठावं असंल."

बायडाबाई कर्नलसाहेबांकडे वळली. "साहेब, कोयत्याला कान असत्यात का?"

राजनंदिनीला ह्याचं भाषांतर करायला बराच वेळ लागला. साहेबांना ते समजलं, इतकंच नव्हे तर लागलं. त्यांनी टोपी काढून बायडाबाईची माफी मागितली. अहवालात तिचं नाव घालायचं कबूल केलं. आणि बायकांचा संडास आजपासून चोवीस तास बायकांसाठीच राहील, असा तिथल्या तिथे हुकूम सोडला. कुलपाची किल्ली सांभाळायला त्यांनी गावप्रमुखाच्या हातात दिली.

पहाटे सुरेखा किल्ली मागायला गेली. रामहरीच्या कोपीतून घोरणं ऐकू येत होतं. परक्या पुरुषाला असल्या कामासाठी हाक कशी मारायची, म्हणून ती जराशी थांबली, आणि मग तांब्या घेऊन ओढ्याकडे निघाली.