राळ फासलेला पट्टा

सन १८९८ मध्ये कल्याणच्या रेल्वे कारखान्यात एका डब्याला विजेचे दिवे बसवण्यात आले आणि काळुराम दिवेवाल्याची झोप उडाली. डब्यांच्या छतांवरून चालत जाऊन तेलाचे दिवे भोकांतून आत सोडणे, हे त्याचे काम. विजेच्या दिव्यांची चाचणी यशस्वी झाली, तर त्याची गरजच उरणार नव्हती.

"मिस्तरी, गाडी थांबली का तुमची वीज पन थांबंल ना?" त्याने आशेने विचारले.

"तेव्हा बॅटरीच्या पेट्यांत साठवलेली वापरायची, बाबा," ठाण्याचा कॉस्मास मिस्तरी म्हणाला. "धावली की वीज तयार करायला हा डायनामो आहेच."

डायनामो डब्याखाली टांगलेला असून चामडी पट्ट्याने चाकांच्या आसाशी जोडलेला होता. गाडीचा वेग कमीजास्त होणारच. दिव्यांना मात्र वीज एकसारखी हवी. म्हणून डायनामो झुलता ठेवला होता. पट्ट्याची ओढ ठरावीक मर्यादेबाहेर गेली की तो आसाकडे सरके, पट्टा सैल पडून घसरू लागे, आणि गाडी कितीही धावली तरी डायनामोचा वेग वाढत नसे.

"आन पट्टा घसरला नाय तर?"

"तर दिवे जळून जातील."

हे सांगताना कॉस्मासने विचारणाऱ्याचा चेहरा पाहायला हवा होता.

काळुराम खाडीकाठच्या कोलशेतचा. होड्यांच्या फटी बुजवायची चिकट राळ त्याच्या घरी भरपूर. चाचणीच्या दुपारी त्याने ती पट्ट्याच्या आतल्या अंगाला मनोभावे फासली.

संध्याकाळी गाडी सुटली. डब्यात रेल्वेचा गोरा साहेब, कॉस्मास आणि अडीअडचणीसाठी तेलाचा कंदील घेतलेला काळुराम. वेग वाढला तसे दिवे उजळत गेले. डोंबिवलीपाशी साहेब बारीक अक्षरांचे वर्तमानपत्र सहज वाचू लागला.

"व्हेरी गुड!"

काळुराम कॉस्मासकडे सरकला. "मिस्तरी, हे तर लईच झ्याक झालं की!"

"काय केलंस रे तू?"

"म्या? कुठं काय!"

दिवे पांढरेफटक झाले आणि मुंब्र्याआधीच एकामागून एक विझले. काळोखात काळुरामने ऐटीत कंदील पेटवला. साहेबाने कृतज्ञतेने हस्तांदोलन केले. मग हात सोडवायला त्याला दोनदा झटका द्यावा लागला.

ठाण्याला कॉस्मास कंदील घेऊन डब्याखाली वाकला, तसे काळुरामने हात पाठीमागे लपवले. एक शब्द, आणि नोकरी आजच गेली असती.

"पट्टा घसरलाच नाही, धरून बसला, साहेब," कॉस्मास उठून म्हणाला. "त्याच्यावर रोज नजर ठेवायला माणूस हवा. त्याची खोड या काळुरामला चांगलीच ठाऊक आहे."

साहेबाने जागच्या जागी मंजुरी दिली.

"मी छतावरचा मानूस, मिस्तरी!" साहेब दूर गेल्यावर काळुराम कळवळला.

"आजपासून खालचा. चल, खरवड ती राळ."

काळुराम डब्याखाली शिरला. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, "मिस्तरी, निघत नाय वो!"

"घाई नाही," कॉस्मास म्हणाला. "नोकरी कायमची आहे."