विहिरीवरची हाक

मित्रांनो, मी हातात मावणारा टेपरेकॉर्डर. आता जुना झालो आहे. मंडईमागच्या एका दुकानातून तनुजाताईंनी मला विकत घेतलं, तेव्हा माझी बटणं चकचकीत होती. ताई सदाशिव पेठेत वैजनाथ नावाच्या खाजगी गुप्तहेरांच्या मदतनीस होत्या. साहेब खुर्चीत बसून विचार करत. वणवण ताईंची आणि माझी.

१९९८ साली शकू नावाची एक बाई कार्यालयात आली. तिची आई सुंदराबाई धायरीच्या शेतातल्या घरात एकटीच राहत असे. ती विहिरीत मृतावस्थेत सापडली होती. पोलिसांनी पाय घसरल्याची नोंद केली होती.

"माझ्या भावानंच ढकललं असणार," शकू म्हणाली. "रणजितला जमीन बिल्डरला द्यायची होती. आई नाही म्हणत होती."

साहेब ताईंना म्हणाले, "गावात प्रत्येकाला मत असतं. माहिती एखाद्यालाच असते. दोन्ही टेप करून आणा."

ताईंनी लुना काढली. तीन दिवस आम्ही धायरीत फिरलो. आई विहिरीत पडली त्या दिवशी रणजित सोलापूरला लग्नात होता, हे चार जणांनी सांगितलं. उरले शेजारचे जयसिंगकाका.

"मला कायबी ऐकू आलं नाही," ते एवढंच म्हणत.

चौथ्या दिवशी दुपारी काका मळ्यात गेले होते. ताईंनी मला चालू करून त्यांच्या अंगणात ठेवलं आणि त्या विहिरीकडे गेल्या. थोड्या वेळानं तिकडून ताईंची हाक आली, "काका! अहो काका!" स्पष्ट ऐकू आली. माझ्या फितीवर ती उमटली.

काका परतल्यावर ताईंनी ती त्यांना ऐकवली. "ही हाक मी विहिरीवरून मारली. तुमच्या अंगणात टेप झाली आहे."

काका ओट्यावर बसले.

"आवाज आला होता, ताई. पर म्हातारी रोजच हाका मारायची. कधी च्या प्यायला, कधी उगाच. आधी मी जायचो. मग कंटाळलो. त्या दिवशीबी वाटलं, गप्पा मारायलाच बोलावती हाय. सकाळी पाह्यलं तर..."

ताईंनी मला पुन्हा चालू केलं होतं; हेही फितीवर आहे.

कार्यालयात शकूनं ते सगळं ऐकलं. "खून नाही म्हणायचा," ती म्हणाली. "मीही दिवाळीपासून आईकडे गेले नव्हते." मग तिनं फोन मागितला आणि रणजितला लावला. "दादा," एवढं म्हणून ती रडू लागली. साहेबांनी ताईंचं कौतुक केलं नाही, आणि ताईंनाही ते नको होतं.

पुढे साहेबांनी कार्यालय बंद केलं. ताई हिंजवडीच्या कंपनीत लागल्या. आवाज टेप करायला मोबाईल आले. मला कपाटाच्या खालच्या कप्प्यात जागा मिळाली. विसरलेले सेल माझ्यात पाझरले, आता माझं चाक फिरत नाही. बाहेर माणसं बोलतात, ते मला अर्धवटच कळतं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना जपा, असं मी म्हणायला हवं. पण माझं राहू द्या. तुमच्या शेजारी कुणी एकटं राहत असेल, तर त्यांचं दार वाजवा. काही काम नसलं तरी वाजवा, आणि आत बोलावलं तर थोडं बसा.