मराठी पानावरची ओळ

“अक्का, आज हौदावर शेरडं कशी आली?” गावाकडून मेंढपाळ बिरू फोनवर विचारत होता. “माझी बारा मेंढरं तहानलेली राह्यली. तू काय लिवलं का?”

रत्नमाला उस्मानपुऱ्यातल्या संस्थेत कॉम्प्युटरसमोर बसली होती. दौलताबादकडच्या गावांत टँकर कधी येणार, हे वेबसाइटच्या मराठी, उर्दू आणि इंग्रजी पानांवर टाकणे हे तिचे काम. दुष्काळाचे दुसरे वर्ष होते. आधी टँकरची प्रत्येक वेळ ती तिन्ही पानांवर वेगवेगळी भरायची आणि एखाद्या पानावर हमखास चुकायची. म्हणून संस्थेची वेबसाइट सांभाळणाऱ्या मोनिकाने एक सामाईक रकाना करून दिला. त्यात लिहिलेले भाषांतर होऊन तिन्ही पानांवर जाई. एकाच पानापुरते असेल ते त्या पानाच्या रकान्यात राही.

मोनिकाने तिच्या खांद्यावरून वाचले. “‘जनावरांचा हौद सकाळी सहाला भरेल.’ मावशी, ही ओळ आधी फक्त मराठी पानावर होती. काल तुम्ही सामाईकमध्ये टाकली. परत हलवू का?”

“थांब जरा.” रत्नमाला फोनमध्ये म्हणाली, “माझ्या हातून चुकून गेली, बिरू. शेरडं कुणाची?”

“खालच्या आळीतल्या खैरुनबीची. दोन महिन्यांत कधी फिरकली नाय ती.”

“तिला कुणी सांगितलंच नाय. उर्दू पानावर ती ओळ नव्हती.”

“मग काढ की. चुकून गेली म्हणतीस न्हवं? चरायच्या रानात प्लॉट पडले. आता पाणी बी वाटतीस व्हय?”

हौदाची वेळ लिहायला बिरूनेच सांगितले होते. त्याला मराठीच वाचता येते म्हणून तिने ती मराठीत लिहिली. दुसरे कोणी हौद शोधत असेल, हे तिच्या मनात आले नव्हते.

“आज राहू दे तशीच,” ती मोनिकाला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने ती गावात गेली. हौदाच्या एका अंगाला मेंढरे होती, दुसऱ्या अंगाला सात शेरडे. खैरुनबीने पदर सावरला.

“हमना मालूमच नै था, बाई. दो महिने घर के घडे में से पिलाई मैं इनकू.”

बिरूने काठीने जमीन उकरली. ते त्यालाही ठाऊक नव्हते.

“मग माझ्या मेंढरांनी काय करावं, अक्का?”

“दुसरा हौद मागते टँकरच्या साहेबांकडं. ओळ मात्र काढायची नाय.”

“साहेब तिन्ही भाषांत नाय म्हणत्याल,” बिरू म्हणाला. खैरुनबी हसली, मग तोही हसला, पण थोडाच.

पाणी संपले. मागे राहिलेली मेंढरे पुढे आली आणि हौदाची ओली भिंत चाटू लागली. बिरूने त्यांना हाकलले नाही. परतीची बस हॉर्न वाजवून निघून गेली, तरी रत्नमाला भिंत सुकेपर्यंत तिथेच उभी राहिली.