अस्वलाची शी कुठे गेली?

"हे चूक आहे," ते गृहस्थ म्हणाले आणि पुस्तक माझ्या टेबलावर उघडं ठेवलं.

चित्रात अस्वलाचं पिल्लू कमोडवर राजासारखं ऐटीत बसलं होतं. मला तर काही चूक दिसेना.

"पाइप बघा ना बाई. सरळ भिंतीत घुसवलाय! खाली वाकडा पाइप लागतो, त्यात पाणी थांबतं, म्हणून वास वर येत नाही. या अस्वलाच्या घरात दोन दिवस कुणी टिकणार नाही."

"अहो, ते अस्वल आहे!"

"मग? अस्वलाला नाक नसतं?"

वाचनालयाच्या बालविभागात मला बावीस वर्षं झाली. वरच्या मजल्यावरच्या मंडळींना वाटतं, मी दिवसभर चित्रं बघत बसते. वाटू दे, माझं काय जातं! शी-शूच्या पुस्तकांचा कप्पा खालून दुसरा. एकूण अकरा पुस्तकं आणि अकराही मला तोंडपाठ. ती न्यायला येणारे आईबाप लांबूनच ओळखू येतात. आधी भलतेच कप्पे चाळतात, मग टेबलावर वाकून कुजबुजतात, जसं काही दुखणं त्यांचंच आहे.

या आजोबांनी मात्र दारातूनच हाळी दिली होती, "शी शिकवायचं पुस्तक मिळेल का हो?" अख्खं वाचनालय माना वळवून बघायला लागलं. खांद्याला हत्यारांची पिशवी, खिशात पेन्सिलीचं बोटभर थोटूक. चाळीस वर्षं प्लंबरचं काम केलेलं आणि अजून सुरूच.

"नात अडीच वर्षांची, ठमी," त्यांनी सांगितलं. "लेक नर्स आहे. तिची सुट्टी सोमवारी संपते. बालवाडीच्या बाई म्हणतात, लंगोट सुटला तरच घेऊ. नाही घेतलं तर लेकीला नोकरी सोडावी लागेल. मी तिला छातीठोक सांगितलंय, तू कामावर जायची तयारी कर, हे खातं माझं. चाळीस वर्षं लोकांचे संडास सांभाळले, एका पोरीचं काय घेऊन बसलात!"

आता, माझी एक सवय आहे. पुस्तक देण्याआधी मी वय विचारत नाही, भीती विचारते. कुणाला आत पडायची भीती वाटते, कुणाला फ्लशच्या आवाजाची, कुणाला खेळ सोडून उठायचाच कंटाळा. ज्याचं जे दुखणं, त्याला ते पुस्तक. पण त्या दिवशी मागे रांग होती, आणि खरं सांगायचं तर आजोबांच्या बोलण्यात मी इतकी रंगले की विचारायचंच राहिलं. चुकलेल्या पाइपासकट अस्वलच दिलं त्यांना. शेवटच्या पानावर ते पिल्लू शीला टाटा करून फ्लश ओढतं. टाटा करायला कुठल्या मुलाला आवडत नाही?

शुक्रवारी आजोबा परत आले. सोबत ठमी, दोन शेंड्या, एका हातात अस्वलाचं पुस्तक. आजोबांचा चेहरा पार उतरलेला.

"तुमच्या अस्वलाने घोळ घातला, बाई. पॉटवर मजेत बसते, गोष्ट ऐकते, हसते. शेवटचं पान आलं की किंकाळी फोडून पळते. दोन दिवस धरून ठेवलीय पोरीने. आणि सोमवार आला की हो तोंडावर. लेक काल राजीनाम्याचा कागद लिहिताना दिसली मला." त्यांनी हत्यारांची पिशवी खांद्यावर सारखी केली. "मोठ्या तोंडाने बोललो होतो मी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक प्रश्न विचारला असता तर! मी टेबल सोडून ठमीसमोर जमिनीवर बसले.

"अस्वल आवडलं का गं?"

मान हलली. मी शेवटचं पान उघडलं, तर तिने आपला तळहात त्यावर दाबून धरला.

"काय झालं, राणी?"

"कुठे गेली?"

"कोण?"

"त्याची शी. एकटी गेली. अंधारात."

घ्या! अकराच्या अकरा पुस्तकं मला पाठ. पण पुढे काय होतं ते त्या अकरांपैकी एकातही नव्हतं. सगळी पुस्तकं फ्लशपाशी संपतात.

आजोबा खदखदून हसले. "अगं वेडाबाई, एवढंच होय? मग हे मला नाही का विचारायचं!"

ते तिथल्या बुटक्या खुर्चीवर बसले. गुडघे पार कानाशी आले. खिशातलं थोटूक काढलं आणि माझ्याकडून कागद मागून घेतला.

"एकटी कशाला जाईल ती? हे बघ, हा वाकडा पाइप. इथे एक बुडी मारायची. मग आपल्या जिन्याखालून घसरगुंडी. मग रस्त्याखालचा मोठ्ठा पाइप. तिथे शेजारच्या आजींची भेटते, दुकानदार काकांची भेटते, बालवाडीतल्या सगळ्या पोरांची भेटते."

"बाईंची पण?"

"बाईंची पण! सगळ्यांची सारखीच."

ठमीने माझ्याकडे बोट केलं. "यांची?"

"माझीसुद्धा," मी म्हटलं. काय करता! वरच्या मजल्यावरचे दोन वाचक खाली वाकून बघत होते.

"आणि वाट चुकली तर?"

"चुकेल कशी? तो पाइप कुणी टाकलाय? मी आणि माझ्या वस्तादांनी. तीन महिने खपत होतो."

ठमीने कागदावरच्या पाइपावरून शेवटपर्यंत बोट फिरवलं. मग आजोबांची बाही ओढून हळूच म्हणाली, "आजोबा, आली." अन् आमच्या वाचनालयातल्या संडासाकडे ते दोघं असे पळाले की हत्यारांची पिशवी माझ्याच पायाशी राहिली.

मंगळवारी संध्याकाळी ठमीची आई आली. नर्सचा गणवेश, दिवसभराची दमणूक, पण चेहरा हसरा. तिने पुस्तक टेबलावर ठेवलं आणि ओशाळून म्हणाली, "बाबांनी यात पान चिकटवलंय. मी दुसरी प्रत आणून देते."

मी उघडलं. अस्वलाच्या घरातला पाइप पेन्सिलीने दुरुस्त झाला होता. शेवटी नवं पान, पट्टीने आखलेल्या सरळ रेषांचं. जिना, रस्ता, मोठा पाइप, शेवटी पाणी स्वच्छ करणारी टाकी आणि चार झाडं. प्रत्येक वळणावर हातात पाना घेतलेला एक चिमुकला माणूस उभा.

"ठमीने पहिल्याच दिवशी बालवाडीत जाहीर केलं," ती म्हणाली, "की तुमची सगळ्यांची शी माझे आजोबा नीट पोचवतात. आज ते तिला आणायला गेले, तर सगळी पोरं त्यांना बघायला फाटकाशी जमली होती." ती हसली, मग पानावरच्या त्या चिमुकल्या माणसावर बोट ठेवून म्हणाली, "शाळेत असताना फॉर्मवर वडिलांचं काम लिहायची वेळ आली की मी नुसतं 'नोकरी' लिहायचे. मुली हसतील म्हणून. बाबांनी एकदा वाचलंही होतं."

पुस्तकात कुणी काही लिहिलं, चिकटवलं, तर ते बाद करायचं असा आमचा नियम. मी खण उघडून शिक्का काढला. बादचा नव्हे, वाचनालयाचा गोल शिक्का. नव्या पानावर नीट दाबून उमटवला.

"आता हे पान आमचं," मी म्हटलं. "पण चित्र कुणाचं ते लिहावं लागेल."

तिने माझ्या हातून पेन घेतलं. पानाच्या खालच्या कोपऱ्यात, शाळेतल्या मुलीसारख्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: चित्र – माझे बाबा, प्लंबर. आणि शाई वाळेपर्यंत पुस्तक उघडं धरून उभी राहिली.