शेजारचा तारा

आमच्या सरांचा एक तारा आहे. तारे कुणाच्या मालकीचे नसतात, पण हे त्यांना सांगणार कोण? खरं तर ते दोन तारे आहेत, एकमेकांभोवती फिरणारे. सत्तावीस वर्षांतून एकदा त्यातला अंधारा जोडीदार उजळ्याच्या समोर येतो आणि पुढची दीड-दोन वर्षं प्रकाश निम्म्यावर राहतो. मागच्या ग्रहणात सरांना दिसलं, की ऐन मध्यावर तारा जरासा उजळतो. त्या जराशा उजळण्यावर सरांची खोली, खुर्ची आणि तोरा उभा आहे.

या ग्रहणात तेच उजळणं मोजून दाखवलं की मला डॉक्टरेट मिळणार होती. त्यासाठी मी सहा वर्षं घासली. आई फोनवर विचारायची, "तुझा तारा अजून झाकलेलाच का गं?" ग्रहणाचा मध्य आला आणि गेला, तारा मात्र ढिम्म.

ताऱ्याचा प्रकाश शेजारच्या एखाद्या स्थिर ताऱ्याशी ताडून मोजतात. मी मागच्या ग्रहणाची छायाचित्रं काढली आणि सरांनी निवडलेला तो शेजारीच बाकीच्यांशी ताडून पाहिला. तो कसला स्थिर! त्या वेळी तोच मंदावला होता, आणि सरांना वाटलं आपला उजळला. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

हे सरांना सांगणं म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालणं. जेवणानंतर ते जरा सुस्त असताना मी आलेख टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा पुसून तो दोनदा पाहिला. मला त्यांचं खरंच वाईट वाटलं.

"म्हणजे हा शेजारी बदलतो," ते म्हणाले.

"हो, सर."

"आणि आजवर हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं."

"नाही, सर."

"मग हा शोधच झाला की."

पुढच्याच आठवड्यात परिषदेत सरांनी सांगितलं, की या शेजाऱ्यावर त्यांचा पहिल्यापासून संशय होता. टाळ्या पडल्या. माझं नाव शेवटी आभारात होतं, प्रोजेक्टर दुरुस्त करणाऱ्याच्या खाली. मला इतका राग आला, की मीही टाळ्या वाजवल्या.

परतल्यावर विचारलं, "सर, माझा प्रबंध?"

"जे उजळणंच नाही, त्यावर काय लिहिणार? तू आता या नव्या ताऱ्यावर काम कर. त्याचं एक आवर्तन पूर्ण मोजलं की झालं."

"केवढं असेल ते?"

"असेल साठेक वर्षांचं," सर मायेने म्हणाले. "तुझं काय, वय आहे अजून."