मनमायाच्या भावाचा मेंढा

२०१८ सालच्या भाद्रपदात शेजारपाजारच्या देशांच्या फौजा पुण्यात एकत्र सराव करणार होत्या. नेपाळच्या तुकडीत टेकबहादुर होता. त्याची बहीण मनमाया पुण्याजवळच्या घोटावड्यात राहायची, एका कारखान्याच्या वॉचमनची बायको. जातीबाहेर लग्न केलं म्हणून तिचं माहेर तुटलेलं. भावानं आपण होऊन फोन केला, सुटी मिळाली की तुझ्या घरी जेवायला येतो.

कारखान्याच्या कुंपणापलीकडे बायजा धनगरणीची मेंढरं बसायची. माहेरासाठी मनमायाचं रडणं तिनं पाहिलं होतं. तिनं बिरदेवाला नवस बोलला, हिचा भाऊ दारात येऊ दे, मेंढा देईन.

नवस फेडायचा तो भाऊ आल्यावर. पण बायजाचा नवरा बाजी त्याआधीच कळप घेऊन डोंगराकडे निघायचा होता.

"उद्या फौज उतरतीय. आता काय राह्यलंय?" म्हणत बायजानं सकाळीच मेंढ्यावर भंडारा टाकला, पाणी शिंपडलं. मेंढ्यानं अंग झाडलं. म्हणजे देवानं तो घेतला. असा मेंढा पुन्हा कळपात सोडत नाहीत.

"बायजे, रस्सा बेतानं तिखट कर. मिलिट्रीच्या पाव्हन्याला वाटा ठिवायचाय, तोफ डागंल आपल्यावर," बाजी म्हणाला.

"काका, वो तो मुझसे भी तीखा खाता है," मनमाया हसली आणि कांदे चिरायला बसली.

तेवढ्यात तिचा नवरा फाटकावरून आला. मोबाईलवर बातमी होती. नेपाळनं तुकडी पाठवायचं रद्द केलं होतं.

"म्हंजी उशिरा येनार व्हय?" बायजानं विचारलं.

"नहीं मौसी. फौज ही नहीं आएगी," तो म्हणाला.

मनमायानं भावाला फोन लावला. त्यानं उचलला नाही. तिनं राहिलेले कांदे चिरले.

"अवो, मेंढा ठिवला तर?" बायजानं हळूच विचारलं.

"देवानं व्हय म्हटलंय. आता कुनाला इचारतीस?"

मेंढा कापला. सगळे जेवले. बायजाला चव कळली नाही. मनमायानं भांडी घासून पालथी घातली, "अच्छा बना था, मौसी," म्हणाली आणि गेली.

टेकबहादुर पुढं फौज सोडून कतारला गेला. बहिणीला त्याचा फोन पुन्हा आला नाही. मनमाया आणि तिचा नवरा महाळुंग्याच्या एका सोसायटीत कामाला लागले. त्यांना एक मुलगी आहे. बाजी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. मेंढरं विकून बायजा भूगावला लेकाच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. समोरच्या दारात कोण राहतं, ते तिला अजून ठाऊक नाही.