कंस कुठवर

एकताची गणिताची एमएस्सी अर्धी झाली होती, तेव्हा तिच्या बोटांतली ताकद गेली. स्नायू झिजत जाण्याचा आजार. पाय आधीच गेले होते. अभ्यासक्रम ऑनलाइन होता, महाराजपुरातल्या घरातून कुठे जावं लागत नव्हतं. पण उत्तर कीबोर्डवरच लिहायचं होतं, आणि कीबोर्ड आता तिच्या कामाचा राहिला नव्हता.

तिचे वडील गुलाबराव आयुध कारखान्यातून निवृत्त झालेले. ते शेजारी बसले. ती सांगायची, ते दोन बोटांनी टाइप करायचे. कागदावर वर-खाली लिहिलेलं इथे एका ओळीत कोंबावं लागे. भागाकाराला तिरकी रेघ, घाताला बारकी टोपी.

"एक्स अधिक एक, बटा दोन," ती म्हणाली. त्यांनी तसंच टाइप केलं. पडद्यावर लगेच 'चूक' असं आलं.

"बाबा, कंस काहून नाही टाकला? फक्त एकाला दोननं भागून राहिलं ते."

"तू म्हटलंच नाही ना, बाई."

"कागदावर म्हणावं लागत नाही, बाबा. दिसतं."

मग 'कंस सुरू', 'कंस बंद' असं बोलायची दोघांना सवय झाली. थंडीत तिचा आवाज बारीक होत गेला. ती सांगायला लागली की आई, कुसुमबाई, स्वयंपाकघरातलं भांडंही वाजू देत नसत.

डिसेंबरात परीक्षा आली. लेखनिक घ्यायची परवानगी मेलवर मिळाली होती. पहारा कॅमेऱ्याचा आणि माइकचा. गुलाबरावांनी ठरवलं, तोंडातून शब्द काढायचा नाही. तीन प्रश्न नीट गेले. चौथ्यात एक लांबलचक पद होतं आणि एकताचा आवाज घशातच विरायला लागला. ते तिच्या ओठांशी कान नेऊन बसले. काही कळेना.

"कंस कुठवर, बेटा?"

पडद्यावर लाल पट्टी आली : खोलीत दुसरा आवाज. गुलाबराव घाबरले आणि पडद्यालाच सांगू लागले, "अजी, मीच हाय. परवानगी हाय आमच्यापाशी!"

पेपर बंद झाला.

त्यांनी मदत केंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी नम्र होती. "अंकल जी, परमिशन तो है, पर सिस्टम में चढ़ी नहीं थी। अब पेपर दोबारा नहीं खुलेगा। जून में दे दीजिए।"

"जून तक इसकी आवाज़ नहीं रहेगी, बेटा."

घरात ही गोष्ट आजवर कुणी बोललं नव्हतं. कुसुमबाई दारातच थबकल्या. गुलाबरावांना मागे वळून एकताकडे बघवेना.

"आप मेल कर दीजिए, अंकल," मुलगी म्हणाली.

फोन ठेवल्यावर एकताच बोलली. "चौथं बरोबर होतं, बाबा. आटोपत आलं होतं."

मेल गेले. उत्तर आलं नाही. होळीच्या सुमारास तिचा आवाज खरंच गेला.

गुलाबरावांनी एका पुठ्ठ्यावर अक्षरं, आकडे, चिन्हं मोठी मोठी लिहिली. ते बोट फिरवत जायचे, हवं ते आलं की ती पापणी मिटायची. एक ओळ लिहायला दुपार जाई. तरी जूनचा फॉर्म त्यांनी भरून टाकला.

एप्रिलमधल्या एका दुपारी सरावाचं एक उत्तर पुरं झालं. गुलाबरावांनी उघडलेले आणि मिटलेले कंस जुळवून पाहिले, मग बटण दाबलं. चूक.

"माझं चुकलं का तुझं?" त्यांनी विचारलं, आणि पुठ्ठ्यावर पहिल्यापासून बोट फिरवायला लागले. एकतानं डोळे मिटून घेतले. बोट शेवटच्या चिन्हापर्यंत गेलं, परत सुरुवातीला आलं. डोळे मिटलेलेच.

"थकली असल. झोपू द्या तिले," कुसुमबाई म्हणाल्या.

ती झोपली नव्हती, हे दोघांनाही दिसत होतं. मिटल्या पापणीतून पाणी येत होतं.

त्यानंतर तिनं पुठ्ठ्याकडे पाहिलं नाही. गुलाबराव तो रोज समोर धरत, ती मान फिरवू शकत नव्हती, म्हणून नजर छताला लावी. जूनमध्ये पेपरच्या वेळी लॅपटॉप टेबलावर बंदच होता. गुलाबराव पलंगापाशी बसून तिच्या पायांना तेल लावत होते.